फोनमधल्या जुन्या नोंदी दिसत नाहीत? त्या कुठे असतात आणि परत कशा आणायच्या

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, अँजिओप्लास्टी कधी झाली होती?"

आई लगेच म्हणाली, "गड्ड्याच्या आधी. आठवडाभर आधी."

"कुठल्या वर्षीचा गड्डा?"

सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, म्हटलं की मकर संक्रांत, म्हणजे जानेवारी, एवढं कुणालाही कळतं. वर्षाचं मात्र काही सांगता येईना. आईनं माझ्याकडे बघितलं, मी फोन काढला. ती तारीख मी स्वतः कॅलेंडरमध्ये टाकली होती, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून. कॅलेंडर मागे सरकवत गेले. या वर्षीच्या नोंदी होत्या, गेल्या वर्षीच्या होत्या, आणि त्यामागे सगळे चौकोन कोरे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बदलायच्या, हे त्या तारखेवर ठरणार होतं. तेव्हा छातीत जे धस्स झालं ते अजून आठवतं.

नोंद गेलेली नव्हती. घरी येऊन कॉम्प्युटरवर तेच कॅलेंडर उघडलं आणि ९ जानेवारी २०२० ला ती तशीच्या तशी सापडली, हॉस्पिटलमधल्या बेडच्या नंबरासकट. तेव्हापासून नात्यातल्या आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचे फोन मी हातात घेऊन बघितले. बहुतेकांच्या जुन्या नोंदी शाबूत होत्या, फक्त फोनवर उतरल्या नव्हत्या. म्हणून सगळ्यांना एकच सांगते. नोंद कुठे राहते ते आधी शोधा, सेटिंगला हात त्यानंतर लावा. हा क्रम चुकला की काय होतं ते पुढे सांगते, कारण ते माझ्याच हातून झालंय.

फोन असं का करतो

फोनवर दिसतं ती कॅलेंडरची नक्कल असते. मूळ वही दुसरीकडे, म्हणजे तुमच्या गूगल, आयक्लाउड किंवा ऑफिसच्या खात्यात, त्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. फोन त्यातली काही पानं स्वतःकडे उतरवून घेतो आणि बदल झाला की दोन्हीकडे जुळवतो. या जुळवण्यालाच सिंक म्हणतात. दहा वर्षांची सगळी पानं उतरवली तर जागा जाते, डेटा जातो, बॅटरी जाते, म्हणून फोन मागची मर्यादा ठेवतो. ही मर्यादा किती मागची, हे फोन आणि खातं बघून बदलतं. आयफोनवर ती तुम्हाला बदलता येते. ऑफिसचं खातं असेल तर बहुतेक वेळा बदलता येते. अँड्रॉइडवर गूगलचं खातं असेल तर बऱ्याच फोनवर साधारण वर्षभर मागचंच दिसतं, आणि ते वाढवायचं बटण मला कुठे सापडलेलं नाही. त्यावरचे दोन मार्ग पुढे दिलेत.

आधी खातं ओळखा

कॅलेंडरमधली अलीकडची कुठलीही नोंद उघडा आणि खाली बघा. तिथे कॅलेंडरचं नाव किंवा ईमेलचा पत्ता दिसतो. पत्ता जीमेलचा असेल तर नोंद गूगलकडे आहे. 'माय फोन', 'माय कॅलेंडर', 'डिव्हाइस', 'लोकल' असं काही लिहिलेलं असेल तर जरा सावध व्हा. ती नोंद फक्त त्या फोनमध्येच असण्याची शक्यता आहे, तिची दुसरी प्रत कुठेच नसेल.

एकाच फोनवर दोन-तीन जीमेल खाती असणं आता नवीन राहिलेलं नाही. दुकानदारानं नवा फोन चालू करून देताना एक खातं काढलं, मुलानं नंतर दुसरं टाकलं, असं घरोघरी झालेलं असतं. जुना फोन वापरत होता तेव्हाचं खातं कुठलं होतं ते आठवा. त्या काळातले ईमेल कुठल्या पत्त्यावर आलेत ते बघितलं की लगेच कळतं. जुनं खातं नव्या फोनवर नसेल तर सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन ते जोडा. बऱ्याच जणांचं काम एवढ्यावरच होतं.

मग मूळ वही उघडून बघा

कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून गूगल कॅलेंडरच्या साइटवर जा आणि त्याच खात्यानं आत शिरा. नेट कॅफेत बसला असाल तर इन्कॉग्निटो खिडकीत काम करा, आणि उठायच्या आधी साइन आउट झाल्याची खात्री करा. कॉम्प्युटर नसेल तरी अडत नाही. फोनच्या क्रोममध्ये ती साइट उघडा, वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, 'डेस्कटॉप साइट'वर खूण करा आणि फोन आडवा धरा. अक्षर बारीक येतं, पण दिसतं सगळं.

आता शोधायचं. वर भिंगाचं चिन्ह आहे. शोधायच्या जागेच्या कडेला खालच्या दिशेचा छोटा बाण आहे, तो दाबला की तारखेपासून तारखेपर्यंत अशी हद्द घालता येते. इथे मराठी माणसाची एक खास अडचण येते, आणि ती कुठल्याही मदतपानावर लिहिलेली नसते. आपण एकच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहून ठेवतो. एकदा 'दवाखाना' देवनागरीत, एकदा तोच शब्द इंग्रजी अक्षरांत, आणि घाईत असलो की नुसतं 'डॉ.' किंवा डॉक्टरांचं आडनाव. कॅलेंडर तुम्ही टाइप केलेली अक्षरं जुळवतं, त्याला अर्थ कळत नाही. 'दवाखाना' शोधून काही मिळालं नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. तिन्ही तऱ्हांनी शोधून बघा. माझी २०२० ची नोंद 'आई स्टेंट' अशी होती, तीही इंग्रजी अक्षरांत. मी मात्र पंधरा मिनिटं 'ऑपरेशन' शोधत बसले होते.

डाव्या बाजूच्या छोट्या महिन्यावरून किंवा 'इयर' या दृश्यातून थेट त्या वर्षात जाता येतं. तारीख अंदाजानं माहीत असेल तर ही वाट जास्त जवळची. तिथि माहीत आहे पण तारीख नाही, असं श्राद्धाच्या किंवा तिथीनं केलेल्या वाढदिवसाच्या बाबतीत होतं. तेव्हा त्या वर्षीचं पंचांग बघून आधी तारीख काढा. आपल्या गावातूनच पंचांग निघतं, आणि बऱ्याच घरांत जुनी पंचांगं कपाटावर ठेवलेली असतात.

नोंद अलीकडेच पुसली गेली असेल तर कॉम्प्युटरवर सेटिंगचं चक्र दाबा, त्या यादीत 'ट्रॅश' आहे. पुसलेली नोंद तिथे साधारण ३० दिवस राहते आणि परत आणता येते.

नोंद साइटवर सापडली की मनावरचं अर्धं ओझं उतरतं. आता ती फोनवर का येत नाही, एवढंच बघायचं राहतं.

खूण काढलेली तर नाही ना?

हे सगळ्यात सोपं कारण आहे आणि सगळ्यात जास्त वेळा निघतं तेही हेच. गूगल कॅलेंडर अ‍ॅपमध्ये वर डावीकडे तीन आडव्या रेघा आहेत. त्या दाबल्या की प्रत्येक खात्याखाली त्यातली कॅलेंडरं आणि त्यांच्यापुढे खुणेचे चौकोन दिसतात. खूण नसेल तर त्या कॅलेंडरमधलं काहीच दिसत नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये दिवस जातात, त्यामुळे पाण्याचा दिवस आम्ही 'घर' नावाच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. आईच्या तपासण्याही मी त्याच 'घर'मध्ये टाकत आले होते. भावाला पाण्याच्या सूचनांचा त्रास व्हायला लागला, म्हणून त्यानं आईच्या फोनवर 'घर'ची खूण काढून टाकली. पाण्याबरोबर तपासण्याही दिसेनाशा झाल्या आणि आई महिनाभर म्हणत होती, "अगं, माझं सगळं पुसलं गेलं." आता तब्येतीचं कॅलेंडर वेगळं काढलंय. तुम्हीही तसंच करा. सूचना नको असतील तर सूचना बंद करता येतात, त्यासाठी खूण काढायची गरज नाही.

याच तीन रेघांच्या यादीत तळाला 'सेटिंग्ज' आहे. तिथे कॅलेंडरचं नाव दाबलं की 'सिंक'चं बटण दिसतं. यादीत नाव नसेल तर 'शो मोअर' दाबा. नवीन काढलेलं किंवा दुसऱ्यानं तुमच्याशी शेअर केलेलं कॅलेंडर कधी कधी इथे बंद असतं.

यानंतर फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', तिथे तुमचं गूगल खातं, मग 'अकाउंट सिंक', आणि त्यात 'कॅलेंडर' चालू आहे का बघा. तीन टिंबांमधून 'सिंक नाऊ' करा. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर तेवढ्यापुरते बंद ठेवा. फोनची जागा भरलेली असेल तर आधी थोडी मोकळी करा, कारण जागा नसली की सिंक अर्ध्यात अडकतं.

आयफोन असेल तर

इथे काम दोन मिनिटांचं आहे. सेटिंग्ज उघडा, 'अ‍ॅप्स'मध्ये 'कॅलेंडर' शोधा. जुन्या आयओएसमध्ये 'कॅलेंडर' थेट सेटिंग्जच्या यादीतच असतं. त्यात 'सिंक' दाबा. दोन आठवडे मागचं, एक महिना, तीन महिने, सहा महिने आणि सगळ्या नोंदी असे पर्याय येतात. शेवटचा निवडा. फोन वायफायवर आणि चार्जिंगला लावून थोडा वेळ सोडा, नोंदी बऱ्याच असतील तर त्या टप्प्याटप्प्यानं उतरतात. लगेच दिसल्या नाहीत म्हणून पर्याय परत परत बदलत बसू नका.

ऑफिसचं खातं

बँक, कॉलेज, कंपनी यांचं खातं फोनच्या स्वतःच्या ईमेलमध्ये जोडलेलं असेल तर त्या खात्याच्या सिंक सेटिंगमध्ये कॅलेंडर किती मागचं आणायचं याचा पर्याय शोधा. इथेही साधारण दोन आठवड्यांपासून सहा महिने आणि 'ऑल' असेच टप्पे असतात. नोकरी सोडताना मात्र लक्षात ठेवा, ते खातं बंद झालं की त्यातली वहीही तुमच्या हातची जाते. स्वतःच्या, घरच्या नोंदी त्यात टाकल्या असतील तर शेवटच्या दिवसाआधी आपल्या खात्यात उतरवून घ्या.

अँड्रॉइडवर वर्षामागचं हवंच असेल तर

सगळ्या खुणा आहेत, सिंक चालू आहे, साइटवर नोंद आहे, तरी फोनवर नाही, अशी गत झाली तर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे साइटचा रस्ता जवळ आणून ठेवणं. क्रोममध्ये कॅलेंडरची साइट उघडल्यावर तीन टिंबांमधून 'अ‍ॅड टू होम स्क्रीन' करा. फोनच्या पहिल्या पानावर एक चौकोन येतो. जुनं काही बघायचं झालं की अ‍ॅपऐवजी तो दाबायचा. इंटरनेट लागतं, पण सगळी वर्षं तिथे आहेत.

दुसरा मला जास्त पटतो, कारण तो दवाखान्याच्या तळघरात रेंज नसतानाही उपयोगी पडतो. ज्या जुन्या तारखा पुन्हा पुन्हा लागतात त्या दरवर्षी येणारी नोंद करून टाका. कॉम्प्युटरवर ९ जानेवारी २०२० ची नोंद उघडायची, 'डझ नॉट रिपीट' असं असतं तिथे 'अ‍ॅन्युअली' निवडायचं, नावात वर्ष लिहायचं आणि खालच्या वर्णनात सगळा तपशील टाकायचा. स्टेंट किती, कुठल्या बाजूला, गोळ्या कोणत्या, अ‍ॅलर्जी कशाची. ही नोंद दर जानेवारीला येते, म्हणजे वर्षभराच्या आत ती कायम असतेच, आणि फोनच्या मर्यादेचा प्रश्न उरत नाही. ऑपरेशन, गाडीचा विमा, विहिरीची मोटार, घराचं खरेदीखत, अशा दहा-पंधरा तारखांना हे केलं तरी पुष्कळ झालं.

'क्लिअर डेटा' आणि माझी चूक

सिंक अडकलं की कुणीतरी सांगतं, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्समध्ये जा, सिस्टिम अ‍ॅप्स दाखव, 'कॅलेंडर स्टोरेज' शोध आणि त्याचा डेटा पुसून टाक. हा उपाय खरा आहे. फोनमधली नक्कल पुसली जाते आणि खात्यातून नवी उतरते. पण खात्यात नसलेल्या, फक्त फोनमध्ये असलेल्या नोंदी त्याबरोबर कायमच्या जातात.

आईनं आठ महिने रोज सकाळी बीपी मोजून फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवला होता. 'सकाळ, १४० वर ८८', असं एकेक. तिच्यासाठी ती मोठी गोष्ट होती, चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून ती लिहायची. ते कॅलेंडर फोनपुरतंच आहे हे न बघता मी डेटा पुसला. गूगलच्या नोंदी परत आल्या. बीपीच्या आल्या नाहीत. तिनं मला काही बोलून दाखवलं नाही, दुसऱ्या दिवसापासून वहीत लिहायला लागली. म्हणून परत सांगते, आधी खातं ओळखा. फोनपुरत्या नोंदी असतील तर हा उपाय करूच नका. करायचाच असेल तर त्या आधी दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर निदान महिन्यांचे स्क्रीनशॉट काढा.

जुना फोन अजून घरात असेल तर तो एक्स्चेंजमध्ये देण्याआधी चार्ज करून त्यातलं कॅलेंडर उघडून बघा. काही फोनमध्ये नोंद 'शेअर' करून आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींची फाइल, म्हणून पाठवता येते. ती स्वतःला ईमेल करा. तेही जमत नसेल तर हव्या त्या नोंदी हातानं टाका. नव्या नोंदी टाकताना कॅलेंडर कुठलं निवडलंय तेही बघा. तिथे 'माय फोन' असेल तर बदलून आपलं ईमेल खातं करा.

कागदावरच्या नोंदी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. कुठल्या मागाची मोटार कधी भरून आणली, कुठला कधी बंद पडला, हे ते वर्षानुवर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात शिसपेन्सिलीनं लिहायचे, आणि वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकायचे. त्यांना हे फोनवर हवं होतं. एकेक नोंद टाकत बसलो असतो तर दिवाळी आली असती, म्हणून आम्ही गूगल शीट्समध्ये तक्ता केला.

पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असतात आणि ती इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात: 'सब्जेक्ट', 'स्टार्ट डेट', आणि हवी तर 'एंड डेट', 'ऑल डे इव्हेंट', 'डिस्क्रिप्शन'. पहिल्या दोन आवश्यक आहेत. खाली मजकूर देवनागरीत चालतो. तक्ता झाला की 'डाउनलोड'मधून सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, घ्यायची. एक्सेलमध्ये केला असेल तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

घोळ होतो तो तारखेत. आपण दिवस आधी लिहितो, या फाइलमध्ये महिना आधी लिहायचा असतो. माझ्या पहिल्या फाइलमध्ये 'माग ७, मोटार भरली' यापुढे मी ०५/०३/२०१९ लिहिलं होतं, म्हणजे ५ मार्च. कॅलेंडरमध्ये ती नोंद ३ मेला जाऊन बसली. अठरावा महिना नसल्यामुळे १८ मार्चची ओळ आलीच नाही. गळालेली ओळ लक्षात तरी येते. चुकीच्या महिन्यात बसलेली नोंद दिसायला बरोबर दिसते आणि पुढे कधीतरी फसवते. तारीख ०३/०५/२०१९ अशीच लिहा.

म्हणून फाइल आत घेण्याआधी कॉम्प्युटरवर एक नवं, रिकामं कॅलेंडर काढा. आम्ही त्याला 'माग' नाव दिलं. मग चक्राच्या चिन्हातून 'सेटिंग्ज', तिथे 'इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट', फाइल निवडायची आणि खाली कुठल्या कॅलेंडरमध्ये टाकायची ते 'माग' करायचं. पहिल्यांदा पाचच ओळी टाकून तारखा ताडून बघा. चुकल्या तर ते कॅलेंडरच पुसून टाकता येतं, तुमच्या मूळ नोंदींना धक्का लागत नाही. थेट मुख्य कॅलेंडरमध्ये तीनशे ओळी ओतल्या आणि चुकल्या, तर एकेक वेचत बसावं लागतं. इम्पोर्टचं हे काम फोनच्या अ‍ॅपमधून होत नाही, ब्राउझरच लागतो.

नोंदी आत आल्या पण वेळा साडेपाच तासांनी सरकल्या असतील, तर सेटिंगमध्ये टाइम झोन कोलकाता आहे का ते बघा.

याच 'इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट'मध्ये 'एक्सपोर्ट' दाबलं की तुमच्या सगळ्या कॅलेंडरांची एक झिप फाइल उतरते, आत प्रत्येकाची वेगळी आयसीएस. मी ती दर वर्षी भोगीच्या दिवशी उतरवते आणि स्वतःला ईमेल करते. गड्ड्यातल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे त्या दिवशी रस्ते बंद असतात, कुठे जायचं नसतं, आणि आईची ९ जानेवारीची नोंद नुकतीच येऊन गेलेली असते. ती उघडून गोळ्यांची नावं आम्ही दोघी मिळून तपासतो, बदलली असतील तर तिथेच दुरुस्त करतो.